ढोपरापर्यंत हळद

घंटी वाजली तेव्हा आय गात होती.

पितळेची घंटी, लाकडी मुठीची. शाळेत मधली सुट्टी संपली की वाजवतात तसली. नानांनी ती एकदा वाजवली. आय थांबली नाही म्हणून परत वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली ती पार तिच्या कानाशी नेऊन. खुर्च्यांमधून हसू आलं. आय डोळे मिटून गाते. तिने डोळे उघडले, आधी घंटीकडे बघितलं, मग नानांकडे, मग माझ्याकडे. मी मंचाच्या पायरीशी उभी होते, तिच्या चपला हातात घेऊन.

"मावशी, झालं हं. वेळ संपली आपली," मॅडम म्हणाल्या. गोड आवाजात. त्यांचा आवाज कायम गोडच असायचा.

"संपला नाय अजून," आय म्हणाली. समोर माईक होता. पटांगणभर ऐकू गेलं. परत हशा.

आता मी काय केलं ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. मी वर गेले, आयच्या दंडाला धरलं आणि तिच्या कानात म्हटलं, "आय, ऊठ. सगळी बघतात."

ती उठली. माझ्यासाठी उठली, घंटीसाठी नाही. हे कळायला मला दोन दिवस लागले.

ती उठल्या उठल्या एक स्वयंसेवक झाडू घेऊन आला. आयने मंचावर तांदळाचा चौक मांडलेला, त्याच्यापुढे बसूनच गातात. तो चौक त्याने झाडला. तिथे सरोदवाल्या कलाकारांची बैठक घालायची होती ना! पांढरी चादर, लोड, गुलाबाच्या पाकळ्या. तांदूळ मंचाच्या कडेवरून खाली मातीत पडला. आय खाली वाकून वेचायला लागली. मी तिला वेचू दिलं नाही. ओढतच नेलं फाटकापर्यंत.

हे नौपाड्यातलं. नव्वद सालाच्या आगेमागे, मे महिन्यात, एका शाळेच्या पटांगणावर. तिथे दर उन्हाळ्यात सात दिवसांचा उत्सव असायचा. पत्रिकेवर लांबलचक नाव होतं, आम्ही नुसतं 'उत्सव' म्हणायचो. संध्याकाळी सहाला व्याख्यान, मग परिसंवाद, मग गाणं-बजावणं. शेवटच्या दिवशी कॉलेजच्या पोरांची वादविवाद स्पर्धा.

मी कोलशेतची. खाडीकाठची कोळ्याची पोर. बाबा एका कंपनीत वॉचमन, आय नौपाड्याच्या बाजारात एका कोपऱ्यावर बसून कोळंबी नि निवट्या विकायची. आमच्या आळीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. उत्सवाला पहिल्यांदा गेले ती एका मैत्रिणीच्या मागे मागे. सतरंजीवर शेवटच्या रांगेत बसलेले. एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. हातात कागद नाही, चिठोरा नाही, आणि तासभर बोलले. कोणी खोकलं नाही. मी तर वेडीच झाले. मला वाटलं, बस्, आपल्याला असं बोलता आलं पाहिजे. लोकांनी असं गप्प बसून आपलं ऐकलं पाहिजे.

मग मी घरी भाकऱ्या थापता थापता भाषणं करायला लागले. ण घोटला, ळ घोटला. आय चुलीपुढून विचारायची, "बाय, कोनाशी बोलतंस गो?" मी म्हणायची, "आय, कोनाशी नाही, कोणाशी." ती हसायची. तेव्हा तिला राग यायला पाहिजे होता.

दोन वर्षांनी कॉलेजने वादविवादाला माझं नाव दिलं. विषय महिनाभर आधी कळायचा. 'लोककलांना शहरी रंगमंचावर मानाचे स्थान मिळाले आहे.' मी अनुकूल बाजूने. म्हणजे मिळालं आहे, असं मी सांगायचं.

नाना म्हणजे उत्सवाचे कार्यवाह. निवृत्त हेडमास्तर, पांढराशुभ्र झब्बा, खिशाला पेन. घंटी त्यांच्या जुन्या शाळेतलीच. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. स्पर्धकांना घरी बोलावून भाषण ऐकून घ्यायचे, चुका काढायचे, जाताना हातावर साखरफुटाणे ठेवायचे. माझं भाषण ऐकून म्हणाले, "वा! तुझं बोलणं ऐकून कुणी म्हणणार नाही हो, की ही कोळीवाड्यातली मुलगी आहे."

आणि मी काय केलं? खूश झाले! कोलशेतला पोचेपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. घरी येऊन आयला तेच शब्द जसेच्या तसे सांगितले. ती मासळीची पाटी धूत होती. "असा बोलला?" एवढंच म्हणाली, आणि पाटी पालथी घातली.

त्याच नानांनी विचारलं, "यंदा आपण लोकरंग ठेवतोय. लोकसाहित्याच्या प्राध्यापक येणार आहेत, त्या समजावून सांगतील. तुमच्या लोकांत ती लग्नात गाणारी बाई असते ना? मिळेल का एखादी?"

ती बाई म्हणजे धवलारीण. गाणारी बाई नव्हे हो. आमच्यात लग्न लावायची ती धवलारीण. भटजी आले ते मागाहून, आणि ते आले तरी धवलारणीने धवला गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. हळदीचा धवला पायापासून सुरू होतो. पहिली हळद पावलांना, मग घोट्यांना, पोटऱ्यांना, ढोपरांना, तशी चढत चढत हातांना, खांद्यांना, गालांना, आणि शेवटी कपाळाला. प्रत्येक ठिकाणी नवरीचं नाव घ्यायचं. कपाळाला पोचली की नवरी झाली. मधे थांबायचं नाही. मांडवात आग लागली तरी धवलारीण उठत नाही, असं आयला तिच्या आत्याने शिकवलेलं.

मी नानांना म्हटलं, "माझी आयच धवलारीण आहे." किती ताठ मानेने म्हटलं.

आय तयार नव्हती. "लगीन कोनाचं हाय?"

"कुणाचं नाही गं. नुसतं दाखवायचंय."

"दाखवाला धवला कसा गावाचा? नाव कोनाचं घेऊ?"

तीन दिवस मी तिच्या मागे लागलेले. रडले, रुसले, जेवले नाही. म्हटलं, तुझ्यामुळे मला तिथे मान मिळेल. शेवटी ती म्हणाली, "मंग तुजंच नाव घेतंय. घरची पोर हाय, कोनाचा शाप नको." मी म्हटलं, घे. मला काय, माझं सगळं लक्ष पत्रिकेत तिचं नाव छापून येतं का याच्याकडे. ते आलं नाही. 'सादरीकरण: कोळी महिला' असं आलं.

आदल्या दिवशी नाना म्हणाले, "दागिने घालून यायला सांग. केसात अबोली. ठसठशीत कोळीण दिसली पाहिजे." मग जरा खाली आवाजात, "आणि हे बघ, राग मानू नको, पण आजउद्या सुकटीत हात नको घालू म्हणावं. मोठे कलाकार बाजूलाच बसलेले असतात."

मी राग मानला नाही. हीच तर माझी लाज आहे. मी घरी जाऊन आयला सांगितलं, बाजारात जाऊ नको, हातांना लिंबू चोळ. तिने चोळलं. कोपरापर्यंत चोळलं. मला दाखवायला हात पुढे केले आणि मी वास घेऊन बघितला, माझ्या आयच्या हातांचा.

लोकरंगाला पंधरा मिनिटं होती. मॅडम, म्हणजे त्याच प्राध्यापक, नऊ मिनिटं बोलल्या. आय चौकापुढे बसून वाट बघत होती. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, ही आपली मासेवाली!" आणि लांबून हात केला. आयनेही केला. मग धवला सुरू झाला. पावलांची हळद झाली आणि मॅडमनी हात वर केला. "थांबा हं मावशी." आय थांबली कशी ते मला माहीत नाही. तिच्या आयुष्यात कधी थांबलेली नाही. मॅडमनी सांगितलं, इथे स्त्रीदेहाचं कसं निरागस वर्णन येतं बघा. परत सुरू. पोटऱ्या झाल्या, ढोपरं आली. "थांबा हं. ढोपर म्हणजे गुडघा बरं का!" खुर्च्या हसल्या. मॅडमही हसल्या. त्यांच्या मांडीवर टेपरेकॉर्डर होता, लाल दिवा लागलेला. आयने तिसऱ्यांदा सूर धरला, माझं नाव घेतलं, आणि घंटी वाजली.

बसमध्ये आय खिडकीशी बसलेली. माजिवडा गेला. मग म्हणाली, "किती वर आलेली?"

"काय?"

"हलद."

मी म्हटलं, "आय, ते गाणं होतं नुसतं."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. "गानं? मंग मी एवढी वर्सां काय करतंय?"

मी तिकीट बोटात गुंडाळत बसले. तीच पुढे म्हणाली, "ढोपरापर्यंत आलेली. तुजं नाव घेऊन तितंच ठेवली मी तुला." आणि पदर तोंडाला लावला. माझी आय बाजारात पोलिसाशी भांडणारी बाई. ती बसमध्ये रडली.

बातमी आमच्या आधी कोलशेतला पोचली नाही, पण सकाळपर्यंत पोचली. काशीमावशी दारात उभी. काशीमावशी म्हणजे शेजारीण, आयची लहानपणापासूनची मैत्रीण. पुढच्या मंगळवारी तिच्या पोरीची हळद. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"लगीन नसताना गायलीस?"

"गायली."

"पुरा केलास?"

आयने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"मंग माझ्या पोरीला तू नको गो," काशीमावशी म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "अर्धी ठेवलेली हलद हाय तुज्या तोंडात. आदी ती पुरी कर. जितं तोडलीस तितंच कर. मंग बघू."

भांडण नाही, आरडाओरडा नाही. ती निघून गेली. आयने चुलीवरचं कालवण उतरवलं आणि कुणाला वाढलं नाही. आळीतली कार्टी मला बघून ओरडायला लागली, "ढोपरहळदी आली! ढोपरहळदी आली!" त्याचं मला तेवढं नाही. अपशकुनावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. मला हळद लागली काय आणि ढोपरावर राहिली काय, मी कॉलेजात जातच होते. पण आयकडे बघवत नव्हतं. गावात तिला नावाने कोणी हाक मारत नव्हतं, धवलारीणच म्हणायचे. ते एक तिचं होतं. ते मी माझ्या हाताने नेऊन दिलेलं, घासूनपुसून, लिंबू चोळून.

मी शाळेत गेले. उत्सवाचं ऑफिस तिथल्या एका वर्गात. नाना होते, मॅडमही होत्या, चहा चालू होता. मी म्हटलं, "नाना, आयचा धवला अर्धा राहिलाय. तो तिथेच पूर्ण करावा लागतो. दहा मिनिटं द्या. कार्यक्रमाच्या आधी द्या, लोक यायच्या आधी द्या. रिकाम्या पटांगणावर द्या."

"अगं, पत्रिका छापून झाली आहे," नाना म्हणाले. "एकाला दिली की सगळे मागतात. आणि तू शिकलेली मुलगी! तूसुद्धा असलं मानतेस?"

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ बाळ, अपूर्ण राहिलं म्हणून काही बिघडत नाही. तेच तेच पुन्हा येतं त्यात. अभ्यासाला जेवढं पाहिजे तेवढं माझ्याकडे टेपवर आलंय."

तेच तेच पुन्हा येतं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. आदल्या वर्षी सरोदवाल्यांचं तेच तेच पुन्हा दीड तास आलेलं, मी ऐकलेलं होतं. तेव्हा घंटी कुठे होती? कोणी 'थांबा हं बुवा' म्हणालं नाही. मधेच उठून कोणी सांगितलं नाही की ही तार म्हणजे अमुक बरं का.

नानांनी साखरफुटाण्यांची पुडी पुढे केली. "रविवारी चांगलं बोल. तुझ्यावर आमची मदार आहे."

मी फुटाणे घेतले नाहीत. ते खुर्चीवर टेकून माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदा त्यांना माझ्यात कोळीवाडा दिसला असणार.

घरी आले आणि आयला म्हटलं, "रविवारी लुगडं नेस. रोजचं. दागिने नकोत, फुलं नकोत. तांदूळ घे. आणि काशीमावशीला सांग, येऊन बघ म्हणावं."

"त्यांनी बोलावलाय?"

"मी बोलावतेय."

आयने आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "हात धुऊ?"

"नको. सकाळी बाजारात बस. तिथून तशीच ये."

रविवारी पटांगण भरलेलं. शेवटचा दिवस ना. वादविवादाला प्रत्येकाला पाच मिनिटं, चार मिनिटांनी एक घंटी, पाचला दुसरी. परीक्षक तीन, त्यात मॅडम. नाना टेबलापाशी, पुढ्यात घंटी. सतरंजीच्या मागच्या टोकाला काशीमावशी हाताची घडी घालून बसलेली. तिच्या शेजारी आय, मांडीवर तांदळाची पिशवी.

माझा नंबर चौथा. माझ्या आधीचा मुलगा छान बोलला. प्रतिकूल बाजूचा होता, खेडी, माती, असं काय काय म्हणाला. टाळ्या घेतल्या. माझं नाव पुकारलं. खोटं कशाला सांगू, भाषण तोंडपाठ होतं आणि एक शब्द आठवत नव्हता. बरंच झालं.

मी म्हटलं, "मी अनुकूल बाजूने बोलायला उभी आहे. लोककलांना शहरी रंगमंचावर मानाचं स्थान मिळालं आहे, असं मला सांगायचंय. सोमवारी याच मंचावर माझ्या आयला ते मिळालं. पंधरातली नऊ मिनिटं ती काय गाणार ते समजावण्यात गेली. सहा तिला मिळाली, त्यात दोनदा थांबवलं. मग घंटी. मग झाडू. तिला उठवलं कुणी? मी उठवलं. मला तुमची लाज वाटायला पाहिजे होती, मला तिची वाटली. माझी पाच मिनिटं मी तिला देते. आय, ये."

पटांगणात चुळबूळ. आय उठली. खुर्च्यांमधून वाट काढत आली, माशाच्या पाटीचं पाणी लागलेलं लुगडं, तसंच. पुढच्या रांगेतल्या एकाने रुमाल नाकाला लावला. लावू दे. ती पायऱ्या चढली, चपला तिने स्वतःच काढल्या. खाली बसली, तांदळाचा चौक मांडला. घाई केली नाही. चार बोटं मिटून, एकेक रेघ. मी माईक तिच्यासमोर खाली धरला.

तिने डोळे मिटले आणि ढोपरापासून उचललं.

पहिली घंटी वाजली. हळद मांड्यांवर होती. आय थांबली नाही. पोट, छाती, हात. दुसरी घंटी वाजली, परत वाजली, परत. नाना उठले. मी माईक खाली ठेवला, टेबलाशी गेले आणि घंटी धरली. लाकडी मूठ त्यांच्या हातात, आतला लोलक माझ्या मुठीत. ते ओढत होते, मी सोडत नव्हते. पितळ गरम लागत होतं. एवढ्या जवळून मी त्यांना कधी बघितलेलं नव्हतं. झब्ब्याच्या खिशातलं पेन वाकडं झालेलं.

"सोड," ते दबक्या आवाजात म्हणाले. "हे शोभत नाही तुला."

"हळद कपाळाला लागली की सोडते."

"मी तुला मुलीसारखं मानलं."

"म्हणूनच तुमच्या तोंडावर सांगतेय, नाना."

आय गात होती. खांदे, गळा, गाल. काही लोक उठून चहाला गेले. काहीजण गप्प बसले. एक म्हातारी पुढच्या खुर्चीवरून उतरून सतरंजीवर येऊन बसली, हे मला आठवतं. बाकी फार काही आठवत नाही. मुठीत लोलक होता आणि कानात माझं नाव. माझ्या आयने ते नाव इतक्या वेळा, इतक्या सगळ्यांसमोर, इतक्या मोठ्याने घेतलं. कुठल्याच अध्यक्षांनी माझं नाव असं घेतलं नव्हतं.

कपाळ आलं. शेवटचा सूर तिने पुरा ओढला. मग चौकातले चार दाणे उचलून मला खुणेने बोलावलं. मी घंटी सोडली, तिच्यापुढे वाकले, तिने ते दाणे माझ्या डोक्यावर ठेवले. तिच्या बोटांना कोळंबीचा वास होता. कुठेतरी टाळ्या सुरू झाल्या. आय माईककडे वाकून म्हणाली, "हलदीला टाल्या नाय वाजवत." आणि पदरात तांदूळ भरायला लागली. एकेक दाणा. या वेळी मी पण वेचला.

मॅडम लगबगीने आल्या. हातात टेपरेकॉर्डर. चेहरा उजळलेला, खरंच उजळलेला. "मावशी, अप्रतिम! पण हा भाग रेकॉर्ड नाही झाला. कॅसेट पर्समध्ये होती. आत वर्गात बसून परत एकदा, फक्त ढोपरापासून पुढचं…"

आयने माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, पण हे जपलं पाहिजे ना!"

"जपलेलंच आहे. नाही."

फाटकाशी काशीमावशी थांबलेली. आयला म्हणाली, "झाली पुरी. मंगलवारी लवकर ये, चूल मांडाची हाय." आणि पुढे चालायला लागली. आय तिच्या मागे.

मला स्पर्धेतून बाद केलं. ते होणारच होतं. आठवड्याने कॉलेजात बोलावणं आलं. प्राचार्यांच्या टेबलावर टाइप केलेलं पत्र होतं. 'माझ्याकडून भावनेच्या भरात जे अशोभनीय वर्तन घडले त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली माझं नाव टाइप केलेलं, वर सहीला जागा. प्राचार्य म्हणाले, "सही कर आणि विषय संपव. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेला तुलाच पाठवायचंय."

मला जायचं होतं. फार जायचं होतं. आजही एखादा चांगला वक्ता आला की मी जाऊन शेवटच्या रांगेत बसते. मी पत्र दोनदा वाचलं. मग म्हटलं, "सर, भावनेच्या भरात नव्हतं. ठरवून केलेलं." आणि पेन परत ठेवलं. नंतर मला कॉलेजच्या कुठल्याच मंचावर कोणी उभं केलं नाही. भाकऱ्या थापताना मी परत बोलायला लागले, पण आता भाषण नाही. आय म्हणायची, मी मागून म्हणायची. ती ल म्हणाली की मी ल म्हणायची. तीन पावसाळे लागले मला सगळे धवले शिकायला.

आय गेली. मी शाळेत शिकवते, आणि लग्नसराईत धवले गाते. दोन्ही कामं माझीच.

परवा डोंबिवलीहून पत्र आलं. तिथेही आता उन्हाळ्यात तसाच उत्सव होतो, गाणं, व्याख्यानं, चर्चा. छापील कागद, खाली तीन सह्या. मॅडमच्या त्या टेपवरून एका गायिकेने धवला बसवलाय म्हणे. हार्मोनियम, तबला, मागे कीबोर्ड. गावोगाव कार्यक्रम होतात, लोकांना फार आवडतो. पण तो ढोपरापर्यंतच आहे. तिथेच संपवतात, तिथेच टाळ्या पडतात. इतकी वर्षं कितीतरी गावांत ही बाई हळद ढोपरावर ठेवून उठतेय! पत्रात लिहिलेलं, 'पुढील भाग आपणांस अवगत असल्याचे समजते. तो लिहून पाठवल्यास आभारी राहू. आपला नामोल्लेख अवश्य केला जाईल.'

मी त्याच दिवशी पोस्टकार्ड लिहिलं.

'पुढचा भाग मला येतो. लिहून देणार नाही, टेपवर देणार नाही, पाच मिनिटांत देणार नाही. पाहिजे असेल तर आमच्या मांडवात या. खुर्च्या नाहीत, खाली बसावं लागेल. मधे काही कळलं नाही तर गप्प राहा. हळद कपाळाला लागेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि घंटी घरी ठेवून यायचं.'

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. आणि त्याच्याखाली, धवलारीण, कोळीवाडा, कोलशेत.